प्लग काढला, टेस्टर पेटला नाही, तरी झटका बसतो तो कसा?

पिंपळपान

नमस्कार मंडळी,

घरचा मायक्रोवेव्ह बंद पडला म्हणून दुरुस्तीवाले काका आले होते. त्यांनी प्लग काढला, कव्हर उघडलं आणि शेजारी वाकून बघणाऱ्या माझ्या मुलाला दरडावलं, "हात मागे घे आधी. आत कंडेन्सर आहे." मुलगा बारावीला, कपॅसिटरचा (म्हणजे याच कंडेन्सरचा, वीज साठवून ठेवणाऱ्या भागाचा) धडा ताजा. तो म्हणाला, एक मायक्रोफॅरड (हे त्याच्या साठवणक्षमतेचं माप) म्हणजे असून असून ऊर्जा किती, चार ज्यूलसुद्धा भरत नाहीत. सासऱ्यांचं म्हणणं, प्लग काढलेला आहे, पायात रबरी चप्पल आहे, टेस्टर लावून बघा ना. टेस्टर लावला, पेटला नाही. काका तरीही कुणाला जवळ येऊ देईनात, आणि कामाच्या घाईत कारणही नीट सांगेनात.

तर प्रश्न साधा आहे. चार्ज असलेल्या कंडेन्सरला हात लागला तर माणसाला नेमकं काय होतं? नुसता चटका बसतो की खरंच जीव जाऊ शकतो? आणि टेस्टर पेटत नसेल तर भीती कशाची?

तिखटमीठ

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. (मायक्रोवेव्ह बंद असल्यामुळे कढईतले.)

गल्लीतला_वायरमन

ताई, ते काका शंभर टक्के बरोबर आहेत. सासरेबुवांचा मान राखून सांगतो, प्लग, चप्पल आणि टेस्टर या तिन्हींपैकी एकही गोष्ट इथे कामाची नाही.

आपला निऑनचा टेस्टर पेटतो कसा? फेजमधून अगदी बारीक करंट टेस्टरमधून आणि आपल्या अंगातून जमिनीकडे जातो. डीपीला न्यूट्रल अर्थ केलेलं असतं, म्हणून हे सर्किट पुरं होतं. प्लग काढल्यावर कंडेन्सरचा जमिनीशी संबंधच उरत नाही. त्याचं सर्किट त्याच्याच दोन टोकांमध्ये. एका टोकाला टेस्टर लावून दिवसभर बसलात तरी दिवा पेटायचा नाही, आणि आत व्होल्टेज तसंच बसलेलं असेल. माझ्याकडे कामाला नवीन पोरगा आला की हे मी त्याला पहिल्या दिवशी सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. टेस्टरवर विश्वास ठेवून माणूस बिनधास्त हात घालतो.

चप्पलचंही तेच. एक बोट या टोकाला, दुसरं त्या टोकाला, करंट बोटातून बोटात. पायापर्यंत तो जातोच कुठे? घरातला आरसीसीबी (शॉक लागला की सप्लाय तोडणारा ब्रेकर) सुद्धा पडत नाही, कारण ही वीज मीटरकडून येतच नाही.

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एक घाणेरडी खोडी वर्षानुवर्षं चालत आलेली आहे. पंख्याचा कंडेन्सर सॉकेटला टेकवायचा आणि "झेल रे" म्हणत नवीन पोराच्या अंगावर फेकायचा. कधी पोरगा ओरडतो, कधी काहीच होत नाही. काहीच झालं नाही की बघणाऱ्यांना वाटतं, यात दम नाही. खरं कारण असं की सप्लाय एसी आहे, म्हणजे व्होल्टेज सारखं शून्य ते शिखर असं वर-खाली होत असतं. ज्या क्षणी वायर सुटली त्या क्षणी व्होल्टेज जिथे होतं तेवढंच आत अडकतं. शिखरावर सुटली तर सव्वातीनशे व्होल्ट, शून्याजवळ सुटली तर जवळपास काही नाही. म्हणून "मागच्या वेळी हात लावला होता, काही झालं नाही" हा पुरावा धरू नका.

सदा_शंकेखोर

वायरमनभाऊ, टेस्टरचा मुद्दा पटला. पण जीव जाण्याची भाषा मला अतिरेकी वाटते. कंडेन्सर एकदाच रिकामा होतो. मेनचा शॉक धरून ठेवतो, हा सोडून देतो. हिवाळ्यात स्वेटर काढताना हजारो व्होल्टचा चटका बसतो, कोण मेलंय त्यानं? आमच्या भागात पंखे दुरुस्त करणारे रोज कंडेन्सर हाताळतात आणि ठणठणीत आहेत.

बोलका_बगळा

शंकेखोर, व्होल्टेजनं माणूस मरत नाही, करंटनं मरतो. +१

घटप्रभा

बगळेराव, हे वाक्य दर दोन महिन्यांनी कुणीतरी टाकतं आणि त्यानं गोंधळ वाढतोच. करंट येतो तो व्होल्टेजमुळेच. कंडेन्सरच्या बाबतीत तिसरी गोष्टही बघावी लागते, ती म्हणजे एकूण ऊर्जा. अर्धा गुणिले धारिता (साठवणक्षमता) गुणिले व्होल्टेजचा वर्ग. मी हेच शिकवते, तेव्हा आकडे मांडूनच टाकते.

शंकेखोर यांचं स्वेटर आधी घेऊ. माणसाच्या अंगाची धारिता साधारण १०० पिकोफॅरड. अंगावर १०,००० व्होल्ट चढले तरी ऊर्जा येते ०.००५ ज्यूल. चटका बसतो, विषय संपतो. पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३२५ व्होल्टला भरलेला असेल तर ०.१३ ज्यूल. हात जोरात झटकला जातो, पण धडधाकट माणसाचा जीव सहसा जात नाही. इथपर्यंत मी शंकेखोर यांच्याशी सहमत आहे.

आता मायक्रोवेव्ह. साधारण १ मायक्रोफॅरड, पण व्होल्टेज २,८०० च्या घरात. येतात ३.९ ज्यूल. जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये १२० मायक्रोफॅरड आणि ३३० व्होल्ट, म्हणजे साडेसहा ज्यूल, आणि तेही खिशात मावणाऱ्या डब्यात. इन्व्हर्टर एसीच्या आउटडोअर युनिटमधल्या सर्किट बोर्डवर १,००० मायक्रोफॅरड धरले तर ३२५ व्होल्टला ५३ ज्यूल.

पिंपळपान ताई, तुमच्या मुलाचं उत्तर बरोबर आहे, निष्कर्ष चुकला. कोरड्या कातडीचा रेझिस्टन्स भरपूर असतो, पण तो कमी व्होल्टेजला. शेकड्यांत व्होल्टेज गेलं की कातडी दाद देत नाही, आणि आतल्या शरीराचा रेझिस्टन्स ५०० ते १,००० ओहमच उरतो. २,८०० भागिले १,००० करा. पहिल्या क्षणी जवळजवळ तीन अँपिअर. तेही एका हातातून दुसऱ्या हातात गेले तर वाटेत छाती आहे. एका मिलिसेकंदात करंट ३७ टक्क्यांवर येतो हे खरं, पण तेवढ्या वेळात काय व्हायचं ते होऊन जातं.

तिखटमीठ

घटप्रभा ताई, बारावीला तुम्ही मिळाला असतात तर मी कॉमर्सला गेले नसते.

जुना_टीव्हीवाला

घटप्रभा म्हणतात ते माझ्या धंद्यात रोज दिसायचं. पिक्चर ट्यूबचे टीव्ही होते तेव्हा सगळे ईएचटीला, म्हणजे ट्यूबला लागणाऱ्या प्रचंड व्होल्टेजला, घाबरायचे. रंगीत ट्यूबला २५,००० व्होल्टच्या आसपास. ट्यूब स्वतःच कंडेन्सर असते, काचेच्या आत एक लेप, बाहेर काळा लेप, मध्ये काच. सेट बंद करून प्लग काढल्यावरही ते व्होल्टेज बराच वेळ राहायचं. पण धारिता इतकी कमी की ऊर्जा अर्ध्या ज्यूलच्या आसपास. झटका जबर, मात्र इजा व्हायची ती झटक्यानंतर. हात मागे ओढताना चॅसिसच्या पत्र्यावर कापायचा, नाहीतर ट्यूबच्या मानेवर आदळायचा. मान फुटली की ट्यूब गेली.

त्याच सेटच्या सप्लायमधला ४०० व्होल्टचा फिल्टर कंडेन्सर अंगठ्याएवढा, त्याच्याकडे कुणी बघायचंही नाही. खरा मार त्याचा. बोटाच्या पेरावर पांढरा ठिपका पडून कातडी जळलेली मी माझ्या जोडीदाराच्या हातावर पाहिली आहे. ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा, पण आठवडाभर दुखत होता.

दुसरी गोष्ट, ट्यूब एकदा डिस्चार्ज केली म्हणून सोडायची नाही. थोड्या वेळानं थोडं व्होल्टेज आपोआप परत चढतं. आम्ही दोनदा करायचो, मध्ये चहा.

बोलका_बगळा

परत चढतं? प्लग काढलेला असताना? कुठून येतं ते?

घटप्रभा

बाहेरून काही येत नाही. दोन पट्ट्यांमधल्या इन्सुलेशनमध्ये जो विद्युतभार मुरलेला असतो तो लगेच निघत नाही. क्षणभर शॉर्ट केलं की वरवरचा जातो, मुरलेला हळूहळू पट्ट्यांवर परत येतो. म्हणून मोठे हायव्होल्टेज कंडेन्सर गोदामात ठेवताना किंवा पाठवताना दोन्ही टोकांना वायर बांधून ठेवतात.

रात्रपाळीचा_डॉक्टर

वैद्यकीय बाजू मांडतो. दवाखान्यात शॉकचे पेशंट बघणं नेहमीचं आहे.

कंडेन्सरच्या झटक्यात स्नायू एकदम आकसतात. मेनच्या एसीमध्ये साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे हात सुटत नाही, कारण स्नायू आकसलेलेच राहतात. कंडेन्सरमध्ये एकच ठोका बसतो आणि माणूस फेकला गेल्यासारखा मागे जातो. त्यामुळे बहुतेक पेशंट येतात ते पडण्यामुळे. शिडीवरून, स्टुलावरून, माळ्यावरून. मनगट मोडलेलं असतं, डोक्याला खोक पडलेली असते, आणि नातेवाईक सांगतात की करंट लागला.

हृदयाचं सांगतो. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचे स्नायू पुढच्या ठोक्यासाठी तयार होत असतात, ईसीजीवर तिथे टी-वेव्ह दिसते. नेमक्या त्या अवधीत पुरेसा करंट हृदयातून गेला तर ठोक्यांची लय मोडते आणि हृदय नुसतं फडफडत राहतं, रक्त पुढे ढकलत नाही. हातातून हाताकडे जाणाऱ्या करंटचा थोडाच भाग हृदयातून जातो, आणि तो नाजूक अवधीही लहान असतो. म्हणून चार ज्यूलच्या झटक्यातून बहुतेक माणसं वाचतात. बहुतेक, सगळी नाहीत. शंकेखोर, तुमचे पंखेवाले ठणठणीत आहेत ते ०.१३ ज्यूलमुळे. त्यांचा अनुभव मायक्रोवेव्हला किंवा एसीला लावू नका, एवढीच विनंती.

गंमत म्हणजे फडफडणारं हृदय ताळ्यावर आणणारं डिफिब्रिलेटर हेसुद्धा चार्ज केलेल्या कंडेन्सरवरच चालतं. १९६२ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड लाऊन यांनी डीसी (एकाच दिशेच्या करंटची) पद्धत आणली, त्याआधी तिथे एसीचा धक्का देत असत. आजची यंत्रं बहुधा १२० ते २०० ज्यूल देतात, तेही छातीवर पॅड लावून. लय बिघडलेली आहे पण नाडी चालू आहे अशा पेशंटला धक्का द्यायचा असेल तर यंत्र आधी ठोक्याशी जुळवून घेतं, जेणेकरून धक्का टी-वेव्हवर पडू नये. त्या अवधीची आम्हालाही तितकीच धास्ती असते.

झटक्यानंतर छातीत धडधड, चक्कर, क्षणभर शुद्ध हरपणं यातलं काहीही झालं असेल तर ईसीजी काढून घ्या. माणूस निपचित असेल आणि श्वास नसेल तर १०८ ला फोन आणि लगेच छाती दाबायला सुरुवात.

सदा_शंकेखोर

डॉक्टर, प्रतिसाद आवडला. पंख्यावरून सगळ्यांना तोलू नये, हे मान्य.

बांधावरून

आमच्याकडे शेतात हा विषय फार मोठा आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. सिंगल फेजच्या सबमर्सिबलच्या पेटीत दोन कंडेन्सर असतात, एक रनिंगचा, एक स्टार्टचा. स्टार्टचा शंभर मायक्रोफॅरडच्या पुढे असतो. बटण दाबून मोटर उचलली की तो सर्किटमधून सुटतो, आणि सुटताना जे व्होल्टेज असेल ते घेऊन तसाच बसतो. घटप्रभा ताईंच्या हिशेबानं मी काढलं तर पाच ज्यूलच्या वर गेलं.

रात्रीची लाईट, ओला हात, पायाखाली चिखल. मोटर बंद पडली की माणूस म्हणतो लाईट गेली, आता काय भीती, आणि पेटी उघडून कंडेन्सर चाचपायला लागतो. दोन फेजवर तीन फेजची मोटर ओढायला लोक एकाला एक जोडून कंडेन्सरची माळ लावतात, त्यांच्यावर झाकण नसतं, नुसती चिकटपट्टी. माझ्या चुलत्यांना असाच झटका बसून ते विहिरीच्या काठावर कलंडले. मागे भाऊ उभा होता म्हणून धरलं. तेव्हापासून आमच्या पेटीत स्टार्टच्या कंडेन्सरला रेझिस्टर लावून घेतला आहे. वायंडरनं (मोटर वाइंडिंगवाल्यानं) अर्ध्या तासात लावून दिला, खर्च किरकोळ. ज्यांच्या शेतात मोटर आहे त्यांनी हे उद्याच्या उद्या विचारून घ्या. आणि लाईट गेली तरी मेन खाली पाडल्याशिवाय पेटी उघडू नका, ती परत कधी येईल ते सांगून येत नाही.

पानापानात_इतिहास

थोडं अवांतर. कंडेन्सरचा पहिला मार खाणारी माणसं संशोधकच होती. हॉलंडमधल्या लायडनच्या मुशेनब्रोक यांनी १७४६ मध्ये पाण्याच्या बाटलीत वीज साठवली आणि हातात बाटली धरूनच तारेला स्पर्श केला. अंग असं हादरलं की त्यांनी पॅरिसला शास्त्रज्ञ रेओम्यूर यांना पत्र लिहून कळवलं, फ्रान्सचं राज्य दिलं तरी हा प्रयोग पुन्हा करणार नाही. लगेच फ्रेंच शास्त्रज्ञ नोले यांनी फ्रान्सच्या राजासमोर १८० सैनिकांना हातात हात धरून उभं केलं आणि बाटली रिकामी केली. सगळे एकदम उडाले. बेंजामिन फ्रँकलिन १७५० च्या डिसेंबरात विजेनं टर्की मारायला निघाले, दोन मोठ्या बाटल्या भरल्या आणि झटका स्वतःलाच बसला. पक्षी वाचला.

तिखटमीठ

म्हणजे वर्कशॉपमधल्या "झेल रे"ला राजदरबाराची परंपरा आहे तर!

हातोडी_पकड

एवढा बाऊ कशाला? इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, दोन्ही टोकं शॉर्ट करायची, फट्ट आवाज, काम झालं. मी नेहमी असंच करतो.

जुना_टीव्हीवाला

हातोडीभाऊ, पंख्याला ठीक. एसी किंवा एसएमपीएसच्या (टीव्ही-कॉम्प्युटरमधल्या पॉवर सप्लायच्या) कंडेन्सरला केलंत तर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाचा तुकडा उडतो, वितळलेलं धातू डोळ्यात जाऊ शकतं. कंडेन्सरही आतून कमजोर होतो, मग गिऱ्हाईक महिन्यानं परत येतं. शंभर वॅटचा पिवळा बल्ब होल्डरला लावून दोन वायरी काढा आणि त्या टेकवा. बल्ब भपकन पेटून विझेल, म्हणजे आत होतं हेही कळतं.

एमआयडीसी_सेकंड_शिफ्ट

टीव्हीवाल्यांशी सहमत. आमच्या कारखान्यात पॉवर फॅक्टरसाठी कंडेन्सरची बँक आहे. प्रत्येक युनिटला आतून डिस्चार्ज रेझिस्टर असतो. लो टेन्शनच्या कंडेन्सरसाठी आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की सप्लाय तोडल्यावर ३ मिनिटांत व्होल्टेज ७५ वा त्याखाली यायला हवं. तरी आम्ही पाच मिनिटं थांबतो, मीटरनं डीसी रेंजवर टोकाटोकांमध्ये मोजतो, मग डिस्चार्ज रॉड लावतो आणि काम संपेपर्यंत टोकं शॉर्ट करून ठेवतो. मोजल्याशिवाय हात लावणाऱ्याला आमचे सुपरवायझर शिफ्टवरून घरी पाठवतात, आणि बरोबर करतात.

बोलका_बगळा

म्हणजे टेस्टर नको, मल्टिमीटर हवा. मायक्रोवेव्हलाही तोच लावायचा ना?

गल्लीतला_वायरमन

नाही! तिथे अजिबात नाही. बाजारातला नेहमीचा मल्टिमीटर ६०० किंवा १,००० व्होल्टपर्यंतचा. २,८०० ला लावलात तर मीटर हातातच फुटू शकतो. बल्बही नको, त्याचा होल्डर आणि साधी वायर तेवढ्या व्होल्टेजची नाही. ज्यांच्याकडे हायव्होल्टेजची लीड आणि रेझिस्टर आहे त्यांनाच ते काम द्या. शिवाय मायक्रोवेव्हमध्ये कंडेन्सरचं एक टोक ट्रान्सफॉर्मरमधून बॉडीला जोडलेलं असतं. म्हणजे दोन्ही टोकांना हात लागायची गरजच नाही. डावा हात पत्र्यावर टेकवला आणि उजव्याचं बोट दुसऱ्या टोकाला लागलं की झालं. माणूस वाकून बघताना एक हात पत्र्यावर टेकवतोच. तुमच्या मुलाचा हात कुठे होता, ताई?

पिंपळपान

पत्र्यावरच होता.

सगळ्यांचे प्रतिसाद मुलाला वाचायला दिले. त्याची एक शंका उरली आहे. त्यानं शोधून काढलं की मायक्रोवेव्हच्या कंडेन्सरमध्ये आतच रेझिस्टर असतो, मग एक-दोन मिनिटांत तो आपोआप रिकामा व्हायला नको का?

घटप्रभा

शंका चांगली आहे, शाबास म्हणा त्याला. तो रेझिस्टर बहुधा १० मेगाओहमचा असतो. १ मायक्रोफॅरडशी गुणलं की १० सेकंद. असे पाच टप्पे गेले, म्हणजे ५० सेकंदांत, व्होल्टेज एक टक्क्याच्याही खाली. त्याचं गणित पुन्हा बरोबर आहे. अडचण एकच, रेझिस्टर आतून तुटलेला असेल तर बाहेरून काहीही दिसत नाही. आणि दुरुस्तीला आलेला मायक्रोवेव्ह बिघडलेलाच असतो. नेमकं काय बिघडलंय ते कळेपर्यंत तो रेझिस्टर शाबूत आहे असं धरून चालायचं नाही. काका तेच करत होते.

तिखटमीठ

ताई, शेवटी मायक्रोवेव्ह चालू झाला का?

पिंपळपान

झाला. डायोड गेला होता.

सदा_शंकेखोर

जाता जाता. आमचा पंखा हळू फिरतोय, कंडेन्सरच असणार. घरी बदलू की नको?

गल्लीतला_वायरमन

बदला. पंख्यात कंडेन्सर आणि दोन्ही वाइंडिंग मिळून एक बंद सर्किट असतं, त्यामुळे स्विच बंद केल्यावर तो वाइंडिंगमधूनच क्षणात रिकामा होतो. फक्त त्याची एखादी वायर आधीच निसटलेली असेल तर तो भरलेला राहू शकतो. म्हणून रेग्युलेटरवर भागवू नका, मेन खाली पाडा, टोकं उघडी करून बल्बच्या वायरी टेकवा आणि मगच पकड घाला. स्टूल डगमगणारं नको, खाली कुणाला तरी धरायला उभं करा. आणि जुना कंडेन्सर टाकताना त्याच्या दोन्ही वायरी सोलून एकमेकींना पिळून टाका, भंगारातून पोरं उचलून खेळतात.

बांधावरून

वाचनखूण साठवली. आमच्या वायंडरला हा धागा पाठवतो.